रोबोला कसलं स्वसंरक्षण?

भारतातल्या पोलिसाला माणूस मारण्याचा वेगळा परवाना नाही. अटकेला विरोध झाला तर लागेल तेवढं बळ वापरता येतं. पण फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप ज्याच्यावर नाही, त्याचा जीव घेण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 46मध्ये हे लिहिलेलं होतं आणि 1 जुलै 2024पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. उरतो तो तुम्हाआम्हाला आहे तोच हक्क: स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्याचा. म्हणून तर चकमकीनंतरच्या प्रेसनोटमध्ये ती ठरावीक वाक्यं येतात. आरोपीने पिस्तूल हिसकावलं, गोळी झाडली, पथकाने स्वसंरक्षणार्थ गोळीबार केला. हे खरं असो वा रचलेलं, त्याच्याशिवाय चकमक कायद्यापुढे उभी राहत नाही.

आता त्या पथकाच्या जागी एक यंत्र पुढे पाठवा. चार पायांचं, पट्ट्यांवर चालणारं किंवा उडणारं. त्याला गोळी लागली तर दुरुस्तीचं बिल येतं, कोणाच्या घरी सुतक येत नाही. मागे गाडीत बसून स्क्रीन बघणाऱ्या पोलिसाच्या केसालाही धक्का लागत नाही. मग त्या यंत्राने समोरच्या माणसाचा जीव घेतला, तर तो कोणाच्या संरक्षणासाठी?

माझा रोबोला विरोध नाही. उलट पोलिसांकडे आज आहेत त्याहून जास्त रोबो असायला हवेत, असंच माझं मत आहे. पण रोबो पुढे गेला की पोलिसाच्या जिवाचा धोका टळतो, आणि तो टळला की मारण्याचं कायदेशीर कारणही बहुतेक वेळा संपतं. तरीही त्याच रोबोवर हत्यार बसवायचं म्हणजे कारण गेल्यावर अधिकार तेवढा मागे ठेवायचा. शस्त्रधारी पोलीस-रोबोच्या चर्चेत ही साधी गोष्ट कुणी बोलत नाही. चर्चा होते ती यंत्र चुकेल का, हॅक होईल का याची. समजा, यंत्र अजिबात चुकलं नाही. प्रश्न तरीही तसाच राहतो.

अमेरिकेतल्या डलासमध्ये 7 जुलै 2016च्या रात्री हे प्रत्यक्ष घडलं. पोलिसांच्या गोळीबारात कृष्णवर्णीय माणसं मरतात याविरोधात मोर्चा निघाला होता. त्या मोर्चाच्या बंदोबस्तावरच्या पोलिसांना एका माजी राखीव सैनिकाने वेचून गोळ्या घातल्या. पाच पोलीस ठार झाले. मारेकरी एका कॉलेजच्या इमारतीत कोंडला गेला. काही तास बोलणी चालली. तो हसत होता, गात होता, शहरात बॉम्ब पेरल्याचं सांगत होता. शेवटी पोलिसांनी बॉम्ब निकामी करण्यासाठी घेतलेला रिमोटवरचा रोबो आणला, त्याच्या हातात सुमारे अर्धा किलो सी-4 स्फोटक दिलं, भिंतीपलीकडे पाठवलं आणि उडवून दिलं. अमेरिकी पोलिसांनी रोबोच्या मदतीने माणूस मारल्याची ही पहिली घटना. दुसरा कोणताही मार्ग आमच्या माणसांना गंभीर धोक्यात घालणारा होता, असं पोलीसप्रमुख डेव्हिड ब्राउन म्हणाले. 2018 साली ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, कोणावरही खटला भरायला नकार दिला.

त्या मारेकऱ्यासाठी कुणी अश्रू ढाळावेत असं मी म्हणत नाही. त्या रात्री साथीदार गमावलेल्या पोलिसांच्या जागी मी असतो, तर कदाचित मीही बटण दाबलं असतं. पण ब्राउन यांच्या बोलण्यातला धोका कुणाला होता, ते बघा. तो होता त्या खोलीत शिरणाऱ्या माणसाला. रोबो मिळाल्यावर कुणी आत शिरण्याची गरजच उरली नव्हती. जो रोबो स्फोटक नेऊ शकतो तो अश्रुधूर, कॅमेरा, फोनही नेऊ शकतो. आणि काहीच जमलं नाही तर तो नुसता दाराशी उभा राहू शकतो, कारण त्याला झोप येत नाही. यंत्राने पोलिसांना सगळ्यात महागडी गोष्ट फुकट दिली होती, ती म्हणजे वेळ. पोलिसांनी त्या वेळाचा उपयोग केला नाही.

मुंबईकराला याच्या उलट टोकाची घटना आठवल्याशिवाय राहणार नाही. 26 नोव्हेंबर 2008च्या मध्यरात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी अजमल कसाबच्या एके-47ची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सोडली नाही. त्यामुळे सहकाऱ्यांना कसाब जिवंत सापडला. दहा हल्लेखोरांपैकी तो एकटाच जिवंत हाती लागला. त्या एका जिवंत माणसामुळे कट कुठे शिजला, प्रशिक्षण कुठे झालं, बोट कुठून निघाली याचे धागे जुळले, आणि तो आपला नागरिक असल्याचं पाकिस्तानला जानेवारी 2009मध्ये मान्य करावं लागलं. पुढे खटला चालला, त्याला वकील मिळाला, अपील झालं, सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली आणि 21 नोव्हेंबर 2012ला येरवड्यात फाशी झाली. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

कुठल्याही पोलिसाने असं मरावं, अशी अपेक्षा करणं निर्दयपणाचं आहे. ओंबळे यांच्या जागी यंत्र असतं तर त्यांच्या घरचे आज त्यांच्यासोबत असते, आणि रोबोच्या बाजूने याहून मोठा युक्तिवाद माझ्याकडे नाही. पण ते यंत्र डलासच्या पद्धतीने वापरलं असतं, तर कसाब दहावं प्रेत ठरला असता आणि पाकिस्तान आजही हात झटकून मोकळा राहिला असता. यंत्र एकच, पण ते पाठवताना हेतू जिवंत पकडण्याचा आहे की संपवण्याचा, यावर सगळं अवलंबून. यंत्रावर हत्यार बसवलं की तो हेतू आधीच ठरून जातो.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी नाजूक आहे, कारण संपवण्याचं आपल्याला वावडं नाही. 1995 ते 1997 या काळात मुंबई पोलिसांच्या 99 चकमकींत सुमारे 135 माणसं मेली. त्यावरून पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेने लढलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2014ला ‘पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा निकाल देऊन 16 मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. टीप मिळाली तर ती नोंदवायची, गोळीबारात मृत्यू झाला की एफआयआर, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे, न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी, हत्यारं तपासणीसाठी जमा. आणि एक फार शहाणी अट: घटनेनंतर लगेच बढती नाही की शौर्यपदक नाही. न्यायालयाला आपली माणसं चांगली ठाऊक होती.

या सूचना रोबोला लावून पाहा. जबाब कोणाचा घ्यायचा? ज्याने जॉयस्टिक धरली त्याचा, की ‘पुढे जा’ म्हणणाऱ्या वरिष्ठाचा, की समोरची वस्तू ‘शस्त्र’ आहे असं स्क्रीनवर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कंपनीचा? ती कंपनी कोर्टात सांगणार की आमचा अल्गोरिदम व्यापारी गुपित आहे. पोलीस सांगणार की आम्ही स्क्रीनवर दिसलं त्यावर विश्वास ठेवला. आणि प्रेसनोटमध्ये मग काय लिहिणार? ‘आरोपीने रोबोवर हल्ला केला, रोबोने स्वसंरक्षणार्थ…’ हे वाचून हसू येतं. मात्र ‘रोबो’च्या जागी ‘सरकारी मालमत्ता’ असं लिहिलं की हसू थांबतं, कारण सरकारी मालमत्तेच्या नुकसानीवरून लोकांना आत टाकणं आपल्याला नवं नाही.

याला एक जोरकस उत्तर आहे. रोबोवर कॅमेरा असतो, माणसाच्या आठवणीवर नसतो. त्यामुळे खोटी चकमक उलट अशक्य होईल. हैदराबादजवळ 6 डिसेंबर 2019च्या पहाटे बलात्कार व खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी मारलं, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली होती. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगाने पोलिसांची कहाणी फेटाळली, ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्याचा निष्कर्ष काढला आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवायची शिफारस केली. तिथे यंत्राचा कॅमेरा असता तर आयोगाची गरजच पडली नसती, हे मला मान्य आहे.

पण चित्रण कुणाच्या ताब्यात राहणार? 2020च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवा आणि 18 महिन्यांपर्यंतचं चित्रण जपा, असा आदेश दिला. त्यानंतर जवळजवळ पाच वर्षांनीही, कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून, त्याच न्यायालयाला कॅमेरे चालू का नाहीत हे स्वतःहून विचारावं लागलं. भिंतीवरचा साधा कॅमेरा ज्या व्यवस्थेत नेमक्या वेळी बंद पडतो, तिथे चालता कॅमेरा सत्य बोलेल असं मानायला मी तयार नाही. चित्रण त्याच क्षणी पोलिसांच्या हाताबाहेर, न्यायालयाच्या ताब्यातल्या सर्व्हरवर जात असेल तर गोष्ट वेगळी. तसा रोबो मी आनंदाने स्वीकारीन.

ओलिसांचं काय, असाही प्रश्न येतो. कुणी लहान मुलाच्या गळ्यावर सुरी धरली असेल तर? इथे धोका पोलिसाला नसून तिसऱ्याच माणसाला आहे, आणि त्याला वाचवण्याचा हक्क कायदा देतो. माझ्या मांडणीतली ही खरी फट आहे. तिला मी एवढंच उत्तर देईन की अशा प्रसंगासाठी प्रशिक्षित नेमबाज आजही असतो. तो ओलिसाला आणि आरोपीला एकाच नजरेत बघतो, आणि गोळी सुटल्यावर त्याचं नाव कागदावर येतं. स्फोटक घेतलेल्या रोबोला सुरीवाला आणि मूल यांच्यात फरक करता येत नाही. अपवाद मोठ्या तोंडाने सांगितला जातो, आणि मग त्या अपवादासाठी घेतलेलं साधन रोजच्या कामाला लागतं.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये हाच वाद झाला. 29 नोव्हेंबर 2022ला तिथल्या पर्यवेक्षक मंडळाने, म्हणजे शहराच्या निवडून आलेल्या सभागृहाने, 8 विरुद्ध 3 मतांनी, अगदी शेवटचा उपाय म्हणून, पोलिसांना रोबोद्वारे जीवघेणं बळ वापरायची मुभा दिली. लोक रस्त्यावर आले आणि आठवड्याभरात मंडळाने निर्णय फिरवला. मला त्यातला निकाल तितका महत्त्वाचा वाटत नाही. मुळात मतदान झालं कसं, हे बघण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियात 2021पासून असा कायदा आहे की पोलिसांनी आपल्याकडची लष्करी धाटणीची साधनं जाहीर करावीत आणि ती वापरण्याचं धोरण लोकप्रतिनिधींकडून मंजूर करून घ्यावं. त्या यादीमुळे रोबोला जीव घेण्याची मुभा देणारा तो एक परिच्छेद लोकांच्या नजरेस पडला. यादीच नसती तर कुणाला पत्ताही लागला नसता.

आपल्याकडे काय होतं, ते 13 फेब्रुवारी 2024ला पंजाब-हरियाणाच्या शंभू सीमेवर दिसलं. दिल्लीकडे निघालेल्या शेतकऱ्यांवर हरियाणा पोलिसांनी ड्रोनमधून अश्रुधुराची नळकांडी टाकली. नळकांडी पंजाबच्या हद्दीतही पडू लागली, तेव्हा पतियाळाच्या प्रशासनाने शेजारच्या अंबाल्याला पत्र लिहून ड्रोन पाठवू नका असं कळवलं. शेतकऱ्यांनी पतंग उडवले. मांज्यात ड्रोन अडकवायचा बेत. माध्यमांना पतंगांची गंमत वाटली. कायद्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. जमाव पांगवायचा तर दंडाधिकाऱ्याने किंवा ठाणे अंमलदाराने आधी समोर येऊन आदेश द्यायचा, लोकांना हटायला वाव द्यायचा, मग बळ वापरायचं, ही आपली पद्धत. त्यात ‘समोर’ असण्याला अर्थ आहे. समोरच्या पोलिसाला म्हातारा दिसतो, पडलेला माणूस दिसतो, पळायला वाट कुठे आहे ते दिसतं. शंभर मीटर उंचीवरून जमाव म्हणजे ठिपके.

आणि समोर असलेला माणूस ‘नाही’ म्हणू शकतो. 23 एप्रिल 1930ला पेशावरच्या किस्साखानी बाजारात खान अब्दुल गफारखान यांच्या खुदाई खिदमतगारांच्या निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडायला रॉयल गढवाल रायफल्सच्या एका तुकडीने नकार दिला. हवालदार चंद्रसिंग गढवाली यांना जन्मठेप झाली. इंग्रजांनी दुसऱ्या तुकड्या आणून गोळीबार केलाच; माणसं मेलीच. तरीही त्या नकाराने साम्राज्य हादरलं, कारण हुकूम देणाऱ्याला पहिल्यांदा शंका आली की आपला हुकूम पाळला जाईल का. ही शंका सत्तेला लागणं फार आरोग्यदायी असतं. लाठी उगारायची की नुसती आपटायची, हे आजही बंदोबस्तावरचा शिपाई स्वतः ठरवतो, आणि त्याच्या त्या छोट्या छोट्या नकारांवर आपल्या मोर्चांमधली कितीतरी डोकी शाबूत राहिली आहेत. यंत्रांचा ताफा पाच माणसं चालवू शकली, की फक्त पाच जणांचं मन वळवायचं उरतं. यंत्र पूर्ण स्वयंचलित झालं तर तेवढेही लागत नाहीत. अशा स्वयंचलित शस्त्रांबद्दल चिंता व्यक्त करणारा ठराव डिसेंबर 2023मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 152 मतांनी मंजूर झाला. विरोधात चार देश होते. त्यात भारत होता. हा विषय लष्कराचा आहे, पोलिसांचा नाही, असं कुणी म्हणेल. पण डलासचा रोबोही मुळात स्फोटकं निकामी करायला घेतलेला होता.

बाकी पोलीस-रोबो म्हणून आज जे मिरवलं जातं, ते बरंचसं हास्यास्पद आहे. केरळ पोलिसांनी फेब्रुवारी 2019मध्ये उपनिरीक्षक दर्जाची ‘केपी-बॉट’ नेमली आणि तिने मुख्यमंत्र्यांना सलाम ठोकला. अमेरिकेतला नाइटस्कोप कंपनीचा अंडाकृती रखवालदार 2016मध्ये मॉलमध्ये एका तान्ह्याला धडकला आणि पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये कारंज्यात पडला. न्यूयॉर्क पोलिसांनी तोच रोबो टाइम्स स्क्वेअरच्या भुयारी स्थानकात आणला, तर त्याच्यासोबत माणूस पोलीस ठेवावा लागला; काही महिन्यांत प्रयोग गुंडाळला. हसून सोडून द्यावं, असं एका ठिकाणी मात्र वाटत नाही. कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन पार्कमध्ये 2019 साली मारामारी चालू असताना एका बाईने मदतीसाठी रोबोवरचं आपत्कालीन बटण दाबलं. रोबोने तिला बाजूला व्हायला सांगितलं आणि गाणं वाजवत पुढे गेला. ते बटण पोलिसांना जोडलेलंच नव्हतं. चौकी बांधायची आणि आत कुणी बसवायचं नाही, तसलाच हा प्रकार.

नजर ठेवण्याच्या कामात मात्र यंत्रं हास्यास्पद राहिलेली नाहीत, आणि तिथली सवय पुढे शस्त्रापर्यंत जाते. दिल्ली पोलिसांची चेहरा ओळखणारी यंत्रणा मुळात हरवलेली मुलं शोधण्यासाठी आली. 2018मध्ये तिची अचूकता 2 टक्के असल्याचं उच्च न्यायालयात सांगण्यात आलं. पुढे तीच यंत्रणा दंगलीतले संशयित शोधायला वापरली गेली. 80 टक्क्यांपेक्षा जास्त साम्य दिसलं की जुळलं असं आम्ही धरतो, असं दिल्ली पोलिसांनी 2022मध्ये माहिती अधिकाराच्या उत्तरात कळवलं. हे 80 कुठून आले, याचा कायदा नाही. 2023च्या व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायद्यात सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची सोय आहेच. महाराष्ट्रानेही 2024मध्ये नागपूरच्या आयआयएमला सोबत घेऊन पोलिसांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ‘मार्व्हल’ ही कंपनी उभी केली. तिच्या कामाला माझा आक्षेप नाही. कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात बुडालेल्या तपास अधिकाऱ्याला मदत हवीच आहे. पण 80 टक्क्यांवर समाधान मानणारी नजर आणि न कचरणारा हात एकाच यंत्रात एकत्र आले, तर चुकून जुळलेला प्रत्येक चेहरा म्हणजे एक जिवंत माणूस आहे.

मग रोबो कुठे हवेत? गडचिरोलीत हवेत. 1 मे 2019ला, महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात 15 पोलीस आणि गाडीचा चालक गेला. त्या रस्त्यावर आधी एखादं यंत्र गेलं असतं तर! पुण्याच्या जर्मन बेकरीत 2010मध्ये बेवारस पिशवीने 17 जीव घेतले. अशा पिशवीजवळ माणसाने कधीच जाऊ नये. पुण्याजवळ दिघीतच डीआरडीओच्या प्रयोगशाळेने ‘दक्ष’ हा रोबो घडवला. जिने चढणारा, लांबून चालवता येणारा, बॉम्ब उचलून निकामी करणारा. 15 जानेवारी 2025ला पुण्यात झालेल्या लष्करदिनाच्या संचलनात यांत्रिक खेचरं चालली, तेव्हा सगळे मोबाइल त्यांच्यावर रोखले गेले. त्याच शहरातल्या ‘दक्ष’चं नाव किती जणांना ठाऊक असेल? जीव वाचवणारं यंत्र फारसं देखणं नसतं. (गटारात उतरणारं यंत्रही केरळमध्ये 2018पासून आहे, आणि आपली माणसं अजून मॅनहोलमध्ये गुदमरून मरतात. सरकारला कोणत्या यंत्राची घाई असते, ते यावरून कळावं.)

काही कंपन्यांनी ऑक्टोबर 2022मध्ये जाहीर पत्र काढून आपल्या सर्वसाधारण वापराच्या रोबोंवर हत्यार बसवणार नाही असं वचन दिलं; चार पायांच्या रोबोंसाठी ओळखली जाणारी बोस्टन डायनॅमिक्स त्यात होती. बरं झालं. पण कंपनी विकली जाते, संचालक बदलतात आणि सहीला न आलेल्या कंपन्या तर शेकड्याने आहेत. हे काम विधिमंडळाचं आहे. पोलिसांच्या कोणत्याही रोबोवर किंवा ड्रोनवर जीवघेणं हत्यार नको, हे कायद्यात यायला हवं. अश्रुधुरासारखं बळ यंत्राने वापरलंच, तर चालवणारा आणि हुकूम देणारा या दोघांची नावं ठाण्याच्या डायरीत त्याच दिवशी लिहिली जावीत. आणि 2014च्या त्या सोळा सूचना यंत्राच्या हातून झालेल्या मृत्यूला तशाच लागू आहेत, हे शासनाने एका परिपत्रकाने आजच सांगावं. त्याला नवा कायदा लागत नाही.

आमदारांनी हा विषय अधिवेशनात लक्षवेधीची वाट बघत ठेवू नये. हे निर्णय आपल्याकडे सभागृहात होतच नाहीत. ते खरेदीच्या निविदेत, तांत्रिक अटींच्या परिशिष्टात होतात. ‘भविष्यात अतिरिक्त उपकरण बसवण्याची सोय असावी’ अशी एक ओळ तिथे निमूट टाकली जाते. ते उपकरण कोणतं, हा प्रश्न निविदा उघडण्याआधीच्या बैठकीत विचारला गेला पाहिजे, आणि त्याचं उत्तर इतिवृत्तात आलं पाहिजे.